जोडीतली नवी बॅटरी

किल्ली फिरवली की समोरचा तांबडा दिवा आधी उजळायचा, मग डोळे मिटल्यासारखा मलूल व्हायचा, आणि बॉनेटखालून नुसता 'खट्' असा एक आवाज यायचा. त्या पहाटेही तेच झालं. नवऱ्याने किल्ली मागे घेतली, थोडं थांबून पुन्हा फिरवली. खट्.

ती मागे, ट्रकच्या हौद्यात कॅन लावत उभी होती. तो आवाज तिच्या पायांना आधी कळला. लोखंडी पत्रा हलला नाही. इंजिन लागलं की हा पत्रा तळव्यांना झिणझिण्या आणायचा. आज तो थंड पडून होता.

"पुन्हा मारू नकोस," मामंजी पुढच्या चाकापाशी काठी टेकून उभे होते. त्यांनी कान बॉनेटला लावला होता. "उरलंसुरलं तेही जाईल."

"मग काय करू? हात जोडू तिला?" केबिनमधून नवरा म्हणाला.

मामंजींनी कान बॉनेटवरून काढला. उभ्या आयुष्यात त्यांनी ट्रकच चालवला होता. डोळ्यांनी साथ सोडली तशी किल्ली मुलाकडे गेली, आणि आता पहाटे चाकाजवळ उभं राहून कान देणं एवढंच काम त्यांच्याकडे उरलं होतं.

अंगणाच्या कडेला दूध घालायला आलेली माणसं कुडकुडत उभी होती. कुणाच्या हातात बादली, कुणाच्या हातात किटली. त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली होती. चारा नव्हता, गाई आटल्या होत्या. ज्या बादल्या काठोकाठ यायच्या त्यांचा तळ दिसत होता. रात्रीची वीज विहिरींवरच्या मोटारींना सोडायचे, म्हणून घरं उजाडेपर्यंत अंधारात असायची. अशा दिवसांत वस्त्यावस्त्यांवरचं दूध गोळा करून केंद्रावर पोचवायची ही फेरी, एवढीच या घराची मिळकत होती. आणि ती फेरी त्या ट्रकच्या एका 'खट्'वर येऊन अडली होती.

शेवटी नवरा खाली उतरला, मान खाली घालून शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याच्या दारात गेला. या महिन्यात कितव्यांदा, ते दोघांनीही मोजायचं सोडलं होतं. ट्रॅक्टरवाला चहाचा कप हातात घेऊनच आला, साखळी अडकवली आणि हसत म्हणाला, "भाऊ, ट्रकच्या मागच्या पाटीवर आता लिहूनच घे. 'ओढून न्यावे'."

माणसं हसली. नवराही हसला. त्याचं ते हसणं तिला बघवलं नाही, तिने कॅनचं झाकण उगाचच पुन्हा घट्ट केलं.

साखळी ताणली गेली, ट्रक फरफटत उतारावर आला. "आता सोड क्लच!" मामंजी मागून ओरडले. धक्का बसला, काळा धूर निघाला, इंजिन लागलं. पण पुढच्या वस्तीवर गर्दीत गाडी बंद पडली आणि तिथे ट्रॅक्टर नव्हता. माणसं गोळा करून ढकलेपर्यंत उन्हं वर आली.

केंद्रावर पोचले तेव्हा टँकर निघून गेला होता. रस्त्यावर त्याच्या नळीतून सांडलेल्या पाण्याची ओली रेघ तेवढी होती.

सुपरवायझर तरुण होता, शब्द मोजून बोलायचा. चिडायचा नाही, त्यामुळे त्याची जास्त भीती वाटायची. "दूध परत न्यावं लागेल," तो म्हणाला. "टँकर मी थांबवू शकत नाही."

"बॅटरीचं जरा..."

"मागच्या वेळी तुम्ही नवी बॅटरी घातलीत. तेव्हाही हेच सांगितलंत, झालं काम म्हणून." त्याने पेन खिशाला लावलं. "उद्या ट्रॅक्टरवाला दूध आणेल, माझं बोलणं झालंय. परवा तुम्ही या. पण नुसतं बॅटरी बदलली, चार्ज केली, असं सांगत येऊ नका. ती का मरते, ते मला सांगा. कारण सापडलं नसेल तर ती पुन्हा मरणार, आणि एवढ्या वस्त्यांचं दूध मी त्यावर ठेवू शकत नाही. कारण सांगता आलं नाही, तर फेरी कायमची त्याची."

परतीच्या वाटेवर तिने दारोदार दूध मोजून परत केलं. एका बाईने नुसतं भांडं पुढे केलं आणि तोंड दुसरीकडे ठेवलं. नवरा तेवढा वेळ इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये बसून होता, खाली उतरला नाही. उतरायचं काम तिचं होतं.

तिथूनच त्याने ट्रक बाजाराच्या गावी, बॅटरीच्या दुकानात नेला. "आज त्याला दाखवतोच," एवढंच तो बोलला.

दुकान म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली. जमिनीवर बॅटऱ्या रांगेने बसलेल्या, हवेला आंबट वास, नाकात बारीक टोचणारा. बॅटरीवाला जाडजूड, पोट सावरत चालणारा. त्याच्या पँटला आम्लाने पडलेली भोकं होती आणि त्यांतून आतली चड्डी दिसत होती. ट्रकमधली बॅटऱ्यांची पेटी उघडल्यावर त्याने आधी नव्या बॅटरीकडे बघितलं.

"आली का परत माहेरी?" तो म्हणाला. "सासरी छळ करताय वाटतं तिचा."

"चेष्टा नको," नवऱ्याचा आवाज चढला. "खराब माल गळ्यात मारलात तुम्ही. घातल्यापासून एक आठवडा सुखाने चालली नाही."

"खराब असेल तर बदलून देतो. आधी बघू तर दे."

त्या पेटीत दोन बॅटऱ्या होत्या. एक जुनी, कडा पिवळट पडलेली. दुसरी ती नवी. एका जाड पट्टीने दोघी एकमेकींना जोडलेल्या. दोघींनी मिळून जोर लावला तरच इंजिनाचा स्टार्टर फिरायचा. बॅटरीवाल्याने पट्टी सोडवली, टोकांवरची पांढरी बुरशी ब्रशने घासली, आणि मीटरच्या तारा आधी जुनीला लावल्या.

"ही ठीक."

मग नवीला लावल्या. काटा अर्ध्यातच अडला. त्याने भुवया वर केल्या. झाकणं उघडून त्याने टॉर्च आत मारला. जुनीच्या पोटातलं पाणी आटलं होतं, पातळ पट्ट्या उघड्या पडल्या होत्या. नवी काठोकाठ भरलेली. रबरी फुगा लावलेली काचेची नळी त्याने नवीत बुडवली, आतलं पाणी वर ओढलं. नळीतला तरंगणारा तुकडा खाली जाऊन बसला.

ती मागून वाकून बघत होती. दूध केंद्रावर दुधात सोडतात तशीच ही नळी. पाणी घातलेलं दूध असलं की तो काटा असाच खाली बसतो. तिला कुणी समजवावं लागलं नाही.

"हिच्यात दम नाही," ती हलकेच म्हणाली.

"बरोबर, ताई. भरलेली दिसते, पण उपाशी आहे."

"म्हणजे नवीच खराब," नवरा म्हणाला.

"थांब रे बाबा. घाई तुझ्या गाडीला नाही, तुलाच आहे."

त्याने दुकानातल्या बॅटऱ्या लावून इंजिन चालू केलं, डायनामोचा पट्टा अंगठ्याने दाबून बघितला, चार्जिंग मोजलं. सगळं जागच्या जागी. मग इंजिन बंद करून बॅटरीची एक केबल काढली आणि ती केबल आणि बॅटरी यांच्या मधे एक लहान बल्ब धरला. गाडीतला एखादा दिवा, एखादी उघडी तार चोरून वीज खात असेल, तर हा बल्ब मिणमिणला असता. तो लागला नाही. सावली करून बघितलं, तरी नाही.

बॅटरीवाला उकिडवा बसून राहिला. मग त्याने नव्या बॅटरीची दोन्ही शिशाची टोकं पुसली आणि बोट फिरवलं. "इकडे बघ."

मऊ शिशावर बारीक ओरखडे होते. दातांसारखे, एकाशेजारी एक, ताजे, चकचकीत. दोन्ही टोकांवर. जुनीच्या टोकांवर एकही नव्हता.

"चिमट्याचे दात आहेत हे," तो म्हणाला. "कुणीतरी रोज नवीला चिमटे लावतंय आणि फक्त तिच्यातूनच काढून घेतंय. डायनामो दोघींना मिळून भरवतो. त्याला काय कळतं, कोण उपाशी आणि कोण पोटभर? उपाशी आहे तिचं पोट भरत नाही, आणि भरलेलीला जबरदस्तीने भरवलं जातं, म्हणून तिचं पाणी उकळून उडालं. माझी बॅटरी वाईट नाही. तुझ्या घरात कुणीतरी आहे."

नवऱ्याने मान वळवून तिच्याकडे बघितलं.

"घरात रात्री वीज नसते," तो सावकाश म्हणाला. "मोबाइल चार्जिंगला कुठे लावतेस तू?"

"केंद्रावर. तुमच्यासमोरच तर लावते."

"आज लावला नव्हतास."

आज लावायला वेळ कुठे होता, हे तिच्या ओठांवर आलं. पण बॅटरीवाला ऐकत होता. ती बॅटरीवरच्या ओरखड्यांकडे बघत राहिली. बॅटरीवाल्यालाच अवघडल्यासारखं झालं. "हळूहळू चार्ज करावी लागेल," तो म्हणाला. "गाडी इथेच राहू दे. उद्या संध्याकाळी ने. जुनीला पाणी पाजतो. पण चिमटे थांबले नाहीत, तर मी काही करू शकत नाही."

ते बसने परत आले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रॅक्टर अंगणात येऊन उभा राहिला आणि बादल्या त्याच्याकडे रिकाम्या झाल्या. नवरा पांघरूण डोक्यावर घेऊन पडून होता. झोपलेला नव्हता. ट्रॅक्टरचा आवाज लांब जाईपर्यंत त्याचे खांदे ताठ होते.

तिने चहा केला. मामंजींनी कप घ्यायला हात पुढे केला, तेव्हा तिला त्यांच्या तळहातावर सोललेली कातडी दिसली. रक्त सुकून काळं पडलं होतं, मधे बारीक खडे रुतलेले.

"हे काय झालं?"

"काही नाही. भिंत लागली."

"कुठली भिंत?"

"भिंत ती भिंत. तिला काय नाव असतं?" त्यांनी हात मागे घेतला आणि कप डाव्या हातात धरला. चहा त्यांनी अर्धाच प्यायला. गेले कित्येक दिवस ते असंच करत होते. दुपारनंतर पाणीही टाळायचे. ओठांना भेगा पडल्या होत्या. तिने विचारलं की म्हणायचे, थंडीत तहान लागत नाही.

नवरा बाजारच्या गावी निघून गेला आणि तिने शेड झाडायला घेतली. ट्रक नसलेली शेड भलतीच मोठी वाटत होती. जमिनीवर तेलाचे काळे डाग, टायरांचे दोन पट्टे. ट्रक असला की भिंतीलगतच्या बोळात केरसुणी पोचायची नाही. आज ती तिथपर्यंत गेली. कोपऱ्यात रिकाम्या पोत्यांची चवड होती. ती उचलली तशी पोत्याखालून एक वायर सरपटत बाहेर आली. टोकाला दोन लहान चिमटे. दातांवर शिशाची करडी भुकटी.

मग वायर हातात धरून तिच्यामागून चालत गेली.

वायर भिंतीच्या खालच्या भोकातून पलीकडे जात होती. पलीकडे ती मातीत पुरलेली होती, वर दगड ठेवलेले. हे दगड कुणीतरी एकेक करून, चाचपडत ठेवले होते. सरळ रेघ नव्हती, पण एकही दगड सुटला नव्हता. ती रेघ परसातून संडासापर्यंत गेली होती. पायरीच्या वर, खांबाला, चिंधीने बांधलेला एक बारीकसा बल्ब. ट्रकच्या कडेला असतात तसला. त्याच्यावर पत्र्याचा तुकडा वाकवून लावला होता; दिवसा येता-जाता तिला तो नुसता पत्राच वाटला होता. उजेड घराकडे जाऊ नये, खाली पायरीवरच पडावा म्हणून.

शेजारच्या भिंतीवर, कमरेच्या उंचीला, हात टेकून टेकून काळपट झालेला पट्टा होता. एका जागी काल रात्रीचं ताजं रक्त पुसलं गेलं होतं. काल ट्रक नव्हता, म्हणून दिवाही नव्हता.

थंडीच्या सुरुवातीला दोन वेळा मामंजींचा पायजमा पहाटे तिला बादलीत भिजवलेला सापडला होता. ती काही न बोलता तो धुऊन, आतल्या दोरीवर, नवऱ्याच्या शर्टांमागे वाळत घालायची. मग ते थांबलं. तिला वाटलं होतं, दुखणं बरं झालं.

मामंजी ओट्यावर उन्हाला पाठ देऊन बसले होते. ती चिमटे हातात घेऊन समोर खाली बसली. त्यांना नीट दिसत नव्हतं. तिने ते त्यांच्या हातात ठेवले. बोटांनी चाचपताच त्यांचा चेहरा बदलला.

"शेड झाडायला कुणी सांगितलं होतं तुला?"

"मामंजी, गाडी यानेच लागत नाही."

"काहीतरीच! एवढासा दिवा तो. काजव्याएवढा. मला शिकवते? तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी बॅटऱ्या हाताळतोय." ते खोकले. "नवी होती म्हणून तिलाच लावला. जुनीला हात नाही लावला मी. म्हटलं, नवी आहे, सोसेल."

"थंडी आहे. फेरी जवळची. वस्तीवस्तीला गाडी बंद करायची, पुन्हा मारायची. तिचं पोट भरतच नाही. बॅटरीवाल्यांनी नळी लावून दाखवलं."

मामंजी चिमटा उघडत होते, मिटत होते. "टॉर्च धरू की भिंत धरू?" ते एकाएकी म्हणाले. "एका हातात काठी लागते. दुसरा हात भिंतीला. तिसरा आणू कुठून?"

"मला हाक मारायची."

"तुला! दिवसभर कॅन उचलतेस, पहाटे उठतेस. आणि सुनेला हाक मारून सांगू, मला धरून ने म्हणून?" त्यांनी तोंड फिरवलं. उन्हात त्यांच्या मानेवरच्या शिरा दिसत होत्या. मग ते म्हणाले, "त्याला सांगू नकोस. तो आधीच माझ्याकडे बघत नाही धड."

"ते मला म्हणतात, मी मोबाइल लावते."

मामंजींनी चिमटे मांडीवर ठेवले.

"उद्या केंद्रावर कारण सांगायचंय," ती म्हणाली. "नाही सांगता आलं तर फेरी जाणार. मी तुमचं नाव घेणार नाही. पण खोटंही मला बोलता येणार नाही. सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा." ती उठली. त्यांच्या तळहातातले खडे काढायला तिने कोमट पाणी आणि स्वच्छ फडकं आणलं. त्यांनी हात पुढे केला, पण मान वळवलेलीच ठेवली.

दिवस मावळता मावळता ट्रक आला. आवाज भरदार होता. नवऱ्याने अंगणात दोनदा बंद करून दोनदा चालू करून दाखवला. मग तो तिच्याकडे वळला. मामंजी ओट्यावर, हाकेच्या अंतरावर होते.

"आजपासून गाडीला हात लावायचा नाहीस तू. धुवायचीही नाही."

"मी मोबाइल लावला नाही."

"मग कुणी लावलं? भूत येतं का शेडमध्ये?"

तिने पदर खांद्यावर ओढून घेतला.

"बोल ना. कुणी लावलं?"

तिने खाली बघितलं. तिच्या हाताला अजून फडक्याचा ओलावा असल्यासारखा वाटत होता. नवऱ्याने तिच्या गप्प राहण्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. "तोंडातून एक खरा शब्द निघेल तर शपथ," असं म्हणून तो हातपाय धुवायला गेला. ओट्यावर मामंजींनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, आणि पुन्हा पहिल्या हातात.

झोपण्याआधी तिने कंदील पेटवून संडासाच्या वाटेवर दगडाच्या आडोशाला ठेवला. वाऱ्याने तो कितपत टिकला कुणास ठाऊक. पहाटे उठली तेव्हा काच काळी होती.

किल्ली फिरवताच इंजिन लागलं. हौद्याचा पत्रा थरथरला. दूध घालायला आलेल्या माणसांपैकी कुणीतरी "वा!" म्हणालं. नवऱ्याने केबिनमधून तिला हाताने खूण केली, घरात जा.

"तिला येऊ दे," मामंजी चाकापाशी होते. "कॅन काय मी चढवू? आणि मीही येतोय."

"तुम्ही कशाला? थंडी बघा केवढी आहे."

"आवाज ऐकायचाय मला, चढावर." एवढं बोलून ते दाराला धरून चढायला लागले. पाय पायरीवर ठरेना. ती पुढे झाली, त्यांचा घोटा धरून तिने पाऊल जागेवर ठेवलं. नवरा समोर रस्त्याकडे बघत होता.

वस्त्या झाल्या. दर वेळी गाडी बंद केली, दर वेळी लागली. केंद्रावर पोचले तेव्हा टँकर उभा होता, नळी अजून जोडायची होती. रांगेत सायकलींवर किटल्या घेऊन आलेली माणसं, केंद्राचे हमाल. ट्रॅक्टरवालाही आला होता, रिकामी ट्रॉली घेऊन. सहज आलो, असं तो कुणाला तरी सांगत होता.

सुपरवायझर बाहेर आला. त्याने आधी घड्याळ बघितलं, मग नवऱ्याकडे.

"वेळेवर आलात. बरं झालं. काय होतं?"

"सापडलं, साहेब." नवऱ्याने हात पुसले. "घरातलीच चूक. मिसेस मोबाइल लावत होत्या बॅटरीला. रात्रभर. आता नाही लावणार."

रांगेतून हसू फुटलं. "वहिनी," ट्रॅक्टरवाला म्हणाला, "रात्रभर बोलता तरी कुणाशी एवढं?" हसू वाढलं.

ती हौद्यात उभी होती, दोन्ही हातांनी कॅनचे कान धरून. सगळे वर बघत होते, म्हणून तिला खाली बघायलाही जागा नव्हती. कानांच्या पाळ्या तापल्या. तिने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि कॅन तसाच धरून ठेवला.

सुपरवायझर हसला नाही. "मोबाइलने ट्रकची बॅटरी मरत नाही," तो म्हणाला. "मला कारण हवं होतं. हे कारण नाही."

"अहो, पण बॅटरीवाल्यानेच सांगितलं, चिमट्याचे..."

केबिनचं दार उघडलं. मामंजींची काठी आधी खाली पडली, मग ते दाराला लोंबकळत उतरले. ट्रॅक्टरवाला धरायला पुढे झाला, त्याला त्यांनी कोपराने बाजूला केलं. काठी उचलायला वाकले नाहीत. ट्रकच्या अंगाला हात टेकून उभे राहिले.

"तिचं नाही ते," ते म्हणाले. "माझं आहे."

"बाबा, तुम्ही बसा आत," नवरा म्हणाला.

"बोलू दे मला." त्यांना समोर कोण कुठे उभं आहे ते दिसत नव्हतं, म्हणून ते कुणाकडेच न बघता बोलत होते, सगळ्यांच्या मधल्या रिकाम्या जागेकडे. "मी दिवा लावत होतो. बारका बल्ब, संडासाच्या पायरीवर. अंधार पडला की चिमटे लावायचे, पहाटे ही उठायच्या आत काढायचे. रोज. मला रात्री दिसत नाही. वाट सापडेपर्यंत कपड्यात व्हायचं. झालं तसं, दोन वेळा. हिने धुतलं ते. कुणाला बोलली नाही. काल तिला वायर सापडली, तेही बोलली नाही. माझ्यासाठी बोलणी खाल्ली तिने." त्यांनी ट्रकवरचा हात थोडा सरकवला. "नव्या बॅटरीतूनच काढत होतो. वाटलं, नवी आहे, सोसेल. एवढंच कारण आहे, साहेब. वायर काढली. आता पुन्हा नाही होणार."

रांगेत कुणाच्या तरी किटलीची कडी वाजली. नवरा आपल्या बापाकडे बघत होता. कपाळापासून पायांपर्यंत, जणू हा माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिला. मग त्याची नजर मामंजींच्या तळहातावर बांधलेल्या फडक्यावर येऊन थांबली.

सुपरवायझरने खाली वाकून काठी उचलली आणि मामंजींच्या हातात दिली. "एकाच बॅटरीतून काढलं की असंच होतं," तो म्हणाला, कामाचं बोलावं तसं. "हे कारण पटलं मला." आणि नवऱ्याकडे वळून, "कॅन उतरवा. टँकर थांबलाय. फेरी तुमचीच."

ट्रॅक्टरवाल्याने ट्रॉलीकडे बघितलं. मग तो ट्रकच्या मागे आला आणि त्याने तिच्या हातातला कॅन खाली घेतला.

परतताना तिघं केबिनमध्ये होती. मामंजी मधे, ती दाराशी. मागे रिकामे कॅन एकमेकांवर आपटत होते. नवऱ्याचा हात गिअरवर यायचा तेव्हा मामंजींच्या गुडघ्याला लागायचा, आणि मामंजी गुडघा आणखी आत घ्यायचे. सकाळपासून घराबाहेर होते. तिला त्यांच्या मांड्यांची थरथर जाणवत होती, काठीवर आवळलेली बोटं दिसत होती. ते काही सांगणार नव्हते. तिनेही कसं सांगावं?

माळ संपून झुडपं सुरू झाली तिथे नवऱ्याने ट्रक कडेला घेतला. इंजिन चालूच ठेवलं.

"काय झालं?" मामंजींनी विचारलं. "आवाज तर ठीक आहे."

"आवाज ठीकच आहे." नवऱ्याने दार उघडलं. "मला लागलीय. तुम्ही येता?"

मामंजींनी काठी चाचपली. "येतो," ते म्हणाले.

नवरा पलीकडून फिरून आला. ती खाली उतरली, बाजूला झाली. त्याने दोन्ही हात वर केले, बापाच्या काखेत घातले आणि सबंध वजन अंगावर घेऊन त्यांना खाली उतरवलं. मग तिच्याकडे वळला. त्याने डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "तू केबिनमध्ये बस," तो म्हणाला. "वारा आहे."

ती चढून बसली. दोघं झुडपांच्या दिशेने गेले, नवरा वाऱ्याच्या बाजूला, एक हात बापाच्या पाठीमागे, न टेकवता. तिने मान दुसरीकडे वळवली, माळाकडे. बराच वेळ लागला. रस्त्यावरून एक सायकलवाला गेला, त्याने ट्रक बिघडला का म्हणून खुणेने विचारलं. तिने नाही म्हणून मान हलवली.